घागर उचलताना कण्यात काय घडते

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, आणि ज्या दिवशी ते येते त्या दिवशी घरातले कोणीतरी झोपेतून उठून थेट घागरी, हंडे आणि पिंपांकडे वळते. पंधरा लिटरची भरलेली घागर जमिनीवरून उचलून ओट्यावर ठेवायला दोन-तीन सेकंद पुरतात. पण तेवढ्या वेळात पाठीच्या कण्यातील हाडे, चकत्या, सांधे, स्नायू आणि त्यांच्यामधून जाणारे मज्जातंतू या सर्वांना आपापले काम करावे लागते. कण्याच्या भागांची नावे पाठ करण्यापेक्षा, हातातले वजन कोणत्या वाटेने जमिनीपर्यंत पोचते याचा माग काढला, तर रचना अधिक चांगली समजते आणि कंबरदुखीविषयी आपण ठामपणे बोलतो त्यांतल्या बऱ्याच गोष्टी तपासूनही पाहता येतात.

तेहतीस मणके, त्यांतले हलणारे चोवीस

जन्माच्या वेळी कण्यात साधारणपणे ३३ मणके असतात: मानेत ७, छातीच्या मागे १२, कमरेत ५, त्यांच्याखाली ५ आणि अगदी टोकाला बहुधा ४. शेवटच्या दोन गटांतील मणके पुढे एकमेकांना जुळून जातात. पाचांचे मिळून त्रिकास्थी हे रुंद, त्रिकोणी हाड बनते आणि टोकाच्या चारांचे माकडहाड. त्यामुळे प्रौढ माणसात सुटेपणाने हलणारे मणके २४ उरतात.

प्रत्येक मणक्याचे दोन भाग करता येतात. पुढचा जाड, गोलसर भाग वजन पेलतो. त्याला मणक्याचा पिंड म्हणू. मागे हाडाची कमान असते. पिंड आणि कमान यांच्यामध्ये जी पोकळी राहते ती एकाखाली एक आली की एक लांब नळी तयार होते, आणि तिच्यातून मज्जारज्जू खाली जातो. कमानीपासून मागच्या बाजूला निघालेले टोक आपल्याला पाठीवरून बोट फिरवताना लागते. मान पुढे वाकवून पाहिले, तर मान जिथे पाठीला मिळते तिथे एक उंचवटा ठळकपणे हाताला येतो. ते बहुतेकांमध्ये मानेच्या सातव्या मणक्याचे टोक असते. तसेच दोन्ही हात कमरेच्या हाडांच्या वरच्या कडांवर ठेवून अंगठे मागे सरळ रेषेत नेले, तर ते जिथे एकमेकांना भेटतात तिथे कमरेचा चौथा मणका असतो. ही जागा लक्षात ठेवावी, कारण कंबरदुखीच्या बहुतेक गोष्टी तिच्या आसपास घडतात.

पिंड बाहेरून घट्ट असला तरी आतून जाळीदार असतो. या जाळीतील उभे दांडे वजन झेलतात आणि आडवे दांडे उभ्यांना वाकू देत नाहीत. उतारवयात, विशेषतः पाळी गेल्यानंतर स्त्रियांमध्ये, हाडे विरळ होऊ लागतात तेव्हा आधी हे आडवे दांडे जातात. मग किरकोळ धक्क्यानेही पिंडाची पुढची बाजू चेपली जाते आणि मणका पाचरीच्या आकाराचा होतो. असे दोन-चार मणके झाले की उंची कमी होते आणि पोक निघते. आजीची पाठ ‘वयाने वाकली’ असे घरात म्हटले जाते तेव्हा पुष्कळदा तिथे कोणाच्याही लक्षात न आलेले, आपोआप जुळलेले अस्थिभंग असतात.

मानेतले पहिले दोन मणके बाकीच्यांहून अगदी वेगळे आहेत. पहिल्याला पिंडच नाही. तो नुसते कडे आहे आणि त्यावर कवटी टेकलेली असते. दुसऱ्याच्या पिंडातून वर एक खुंटी निघते व पहिला मणका तिच्याभोवती फिरतो. मान डावी-उजवीकडे वळवण्याची जवळजवळ निम्मी क्षमता या एकाच जोडीत आहे. छातीच्या मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असल्यामुळे तिथे हालचाल कमी आणि स्थैर्य जास्त असते, म्हणून त्या भागातील चकत्यांचे दुखणेही क्वचित आढळते.

कमरेचे पाच मणके सर्वांत मोठे आहेत, कारण वरचे सगळे वजन त्यांच्यावर येते. त्यांच्या कमानींमधील जोडसांधे अशा दिशेने लावलेले असतात की पुढे-मागे वाकणे सोपे जाते, पण पीळ देणे जवळपास अशक्य होते. दोन मणक्यांमध्ये मिळून एक-दोन अंशच फिरता येते. पाय जमिनीवर रोवून, कंबर वाकवून बाजूचे जड पिंप ओढताना जी वळण्याची हालचाल होते ती खरे तर खुब्यातून आणि छातीच्या भागातून यायला हवी. तिथून ती आली नाही, तर कमरेच्या या छोट्या सांध्यांना आणि त्यांच्या पुढच्या चकतीला न पेलणारे काम करावे लागते.

बाजूने पाहिल्यास कणा सरळ नसतो. मान आणि कंबर पुढे झुकलेल्या, तर छाती आणि त्रिकास्थी मागे फुगलेल्या, असे चार बाक त्यात असतात. नवजात बाळाच्या पाठीला एकच बाक असतो. बाळ मान धरू लागते तेव्हा मानेचा बाक ठळक होतो आणि ते उभे राहून चालू लागते तेव्हा कमरेचा. ‘पाठ सरळ ठेव’ असे आपण मुलांना सांगतो त्याचा अर्थ हे बाक पुसून टाक असा घेतला, तर तो सल्ला चुकीचा ठरेल. बाक आहेत म्हणूनच डोके, छाती आणि कंबर यांचे वजन एकावर एक येऊन पायांत उतरते.

मधल्या चकत्या

मणक्यांच्या पिंडांमध्ये चकत्या असतात. बोलताना आपण त्यांना गाद्या म्हणतो. पहिल्या दोन मणक्यांमध्ये चकती नसते, त्रिकास्थी आणि माकडहाड यांच्यातील मणके जुळलेले असतात, त्यामुळे एकूण २३ चकत्या उरतात. कण्याच्या लांबीचा सुमारे चौथा हिस्सा त्यांचा असतो.

चकतीच्या मध्यभागी पाण्याने भरलेला, बुळबुळीत गर असतो. तरुणपणी त्यात ८० टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि वयानुसार ते कमी होत जाते. या गराभोवती चिवट तंतूंच्या पंधरा ते पंचवीस वलयांचे वेष्टन असते. प्रत्येक वलयातील तंतू तिरके जातात आणि पुढच्या वलयातील तंतू त्यांच्या उलट दिशेने तिरके जातात, म्हणून कोणत्याही बाजूला वाकले तरी काही तंतू ताणलेले राहून चकतीला धरून ठेवतात. वरून दाब आला की गर चेपत नाही, कारण पाणी चेपता येत नाही. तो दाब चहूबाजूंना ढकलतो आणि वेष्टनातील तंतू तो ताणाच्या रूपात घेतात. अशा तऱ्हेने एका जागी आलेला भार पूर्ण चकतीभर वाटला जातो.

वेष्टन वरच्या आणि खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेले असते. त्यामुळे ‘गादी सरकली’ असे आपण म्हणतो तेव्हा चकती दोन हाडांमधून बाहेर घसरलेली नसते. वेष्टनाला भेगा पडून गराचा थोडा भाग त्यांतून मागे आलेला असतो. ‘मणक्यात गॅप आहे’ हेही असेच. क्ष-किरण चित्रात जे दिसते ते बहुतेक वेळा नेमके उलट, म्हणजे चकतीतील पाणी कमी होऊन दोन मणक्यांमधले अंतर घटलेले असते. माझ्याकडे व्यायामासाठी येणाऱ्या एका विडी कामगार अक्कांनी आपला जुना रिपोर्ट पिशवीतून काढत विचारले होते, “सर, हा गॅप कधी भरून येणार?” त्यांना सांगावे लागले की अक्का, तुमच्या दुखण्याचा त्या अंतराशी संबंध असेलच असे नाही. हे का, ते पुढे येईलच.

प्रौढ माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. वेष्टनाच्या अगदी बाहेरच्या थरातच त्या थोड्या आढळतात. आतल्या पेशींना लागणारी साखर आणि प्राणवायू शेजारच्या मणक्यांतून, मधल्या पातळ कूर्चेतून, हळूहळू झिरपत येतात. याच कारणाने चकतीला इजा झाली तर ती त्वचेसारखी पटकन भरून येत नाही, आणि याच कारणाने तंबाखूचा धूर तिला बाधतो: मणक्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावल्या की झिरपणारा पुरवठा आणखी कमी होतो.

पाण्याचा हिशेब मात्र दर दिवशी मांडला जातो. दिवसभर उभे राहून आणि बसून वजन आले की चकत्यांतून थोडे पाणी बाहेर पिळले जाते. रात्री आडवे झाल्यावर ते परत शोषले जाते. म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा एक ते दोन सेंटिमीटर उंच असतो, आणि यातली सुमारे निम्मी घट उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच होते. अंतराळात वजनच येत नसल्यामुळे अंतराळवीरांची उंची तीन टक्क्यांपर्यंत वाढलेली आढळते. (उन्हाळ्यात भरपूर पाणी प्यायल्याने चकत्या ‘भरतात’ असे सांगणारे संदेश मोबाइलवर फिरत असतात. सोलापूरच्या मे महिन्यात भरपूर पाणी प्यावेच, पण त्याची कारणे वेगळी आहेत. चकतीत पाणी शिरते ते तिच्यावरचा दाब उतरल्यामुळे.)

यातून पाण्याच्या दिवसासंबंधी एक कामाची गोष्ट निघते. पहाटे उठल्याबरोबर चकत्या सर्वांत जास्त फुगलेल्या आणि ताठ असतात, आणि अशा स्थितीत पूर्ण वाकले तर मागच्या तंतूंवर येणारा ताण दिवसाच्या इतर वेळेपेक्षा पुष्कळ अधिक असतो. झोपेतून उठून पहिल्या पाच मिनिटांत घागरी उचलणे ही म्हणूनच कमरेच्या दृष्टीने वाईट वेळ आहे. पाणी थांबत नाही हे खरे. तरीही आधी नळी जोडून पिंपे भरू द्यावीत, लहान भांडी हाताळावीत आणि जड उचलणे अर्ध्या-पाऊण तासाने करावे, एवढा क्रम बहुतेक घरांत बदलता येतो.

वजनाचे गणित

आता घागर. समजा ती १५ किलोची आहे आणि उचलणारी व्यक्ती ६० किलोची. कंबर वाकवून, हात पुढे लांबवून ती घेतली, तर घागरीचे वजन कमरेच्या खालच्या चकतीपासून साधारण ४० सेंटिमीटर पुढे असते. त्याला तोल देणारे पाठीचे स्नायू मात्र चकतीच्या मागे जेमतेम ५ सेंटिमीटरवर असतात. तराजूच्या दांडीचा नियम इथे लागू होतो: आठपट अंतर, म्हणून आठपट जोर. पंधरा किलोंसाठी स्नायूंना १२० किलोइतका जोर लावावा लागतो. शिवाय वाकलेल्या धडाचे, डोक्याचे आणि हातांचे मिळून जे पस्तीसएक किलो पुढे झुकलेले असतात त्यांच्यासाठी वेगळा जोर लागतो. सगळे मिळून चकतीवर येणारा दाब तीनशे किलोच्या आसपास जातो. तीच घागर अंगाजवळ आणून, धड उभे ठेवून धरली, तर तो निम्म्याहून खाली येतो.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. जर्मनीतील संशोधकांनी १९९९ साली एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील चकतीत दाब मोजणारी बारीक सुई बसवून दिवसभराच्या हालचाली नोंदवल्या. आडवे पडल्यावर दाब ०.१ मेगापास्कल होता, उभे राहिल्यावर ०.५, पुढे वाकल्यावर १.१. वीस किलोचे वजन पाठ वाकवून उचलताना तो २.३ पर्यंत गेला आणि गुडघे वाकवून उचलताना १.७ राहिला. झोपेच्या सात तासांत तो ०.१ वरून ०.२४ पर्यंत हळूहळू वाढला, म्हणजे चकती पाणी शोषून घेत असल्याचे मापच हाती आले. एकाच माणसावरचा प्रयोग असल्याने आकडे जसेच्या तसे सर्वांना लावू नयेत, पण त्यांचा क्रम इतर मोजमापांशी जुळतो. गुडघे वाकवण्याचा फायदा आहे, तरी घागर अंगाशी आणण्याचा फायदा त्याहून मोठा आहे, आणि ‘गुडघ्यात वाका’ एवढेच सांगणारे फलक दुसरा भाग गाळतात.

हाडे आणि चकत्या यांना उभे धरणारे खरे बळ स्नायूंचे आहे. स्नायू काढून टाकलेला, फक्त हाडे आणि अस्थिबंध, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारे चिवट पट्टे, शिल्लक असलेला कमरेचा कणा प्रयोगशाळेत वरून दाबला, तर तो सुमारे ९० न्यूटन, म्हणजे साधारण ९ किलो वजनाखालीच बाजूला वाकून कोलमडतो. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्याला पाहिले की याची कल्पना येते: उंच काठी सरळ उभी आहे तोवर तिचे वजन अंगातून थेट पायांत उतरते, पण ती जराशी कलली की तोल सावरायला लागणारा जोर झपाट्याने वाढतो, आणि म्हणून पेलणारा माणूस काठी फार कलण्याची वाट न पाहता सतत बारीक हालचाली करीत राहतो. कण्याच्या अगदी लगत, एका मणक्यापासून वरच्या दोन-चार मणक्यांपर्यंत जाणारे छोटे स्नायू हेच करतात. हात उचलण्याच्या क्षणभर आधी पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू आणि हे छोटे स्नायू आकुंचन पावतात, हे विद्युत-मापनांत दिसून आले आहे. कंबर एकदा जोरात दुखून गेलेल्या माणसांत ही तयारी उशिरा होते आणि दुखणे थांबल्यानंतरही ती आपोआप पूर्वपदावर येतेच असे नाही. कंबरदुखी पुन्हा पुन्हा उद्भवण्याचे हे एक कारण मानले जाते आणि व्यायाम सांगण्यामागेही तेच असते.

जड काहीतरी उचलताना आपण नकळत श्वास रोखतो. तेव्हा वरून श्वासपटल, पुढून-बाजूंनी पोटाचे स्नायू आणि खालून ओटीपोटाचा तळ एकाच वेळी आवळले जातात आणि पोटातला वाढलेला दाब कण्याला पुढून आधार देतो. बाळंतपणानंतर या स्नायूंची ताकद परत यायला वेळ लागतो, हे घरच्यांनी लक्षात घेऊन पाण्याच्या दिवशी ओल्या बाळंतिणीच्या हातून घागर काढून घ्यावी.

बसणे

शहराच्या पूर्व भागात हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळतात. भिंतीशी मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून तेंदूपत्ता कापणे, त्यात तंबाखू भरणे, वळून दोरा गुंडाळणे हे काम तासन् तास चालते, कारण मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. वजन उचलणे यात जवळपास नाही. तरीही मान आणि कंबर यांची तक्रार या कामात सर्रास असते.

मांडी घालून बसले की बहुतेकांचे कटिर, म्हणजे कमरेखालचे हाडांचे कडे, मागे कलंडते आणि कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो. चकतीची पुढची बाजू दाबली जाते, मागची ताणली जाते. मान पुढे झुकली की साडेचार-पाच किलोच्या डोक्याचे वजन मानेच्या मणक्यांपासून दूर जाते. ६० अंश झुकलेल्या मानेवर सुमारे २७ किलोचा भार येतो, असा एका संगणकीय गणिताचा निष्कर्ष आहे. पण याहून महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. अस्थिबंध आणि चकतीचे वेष्टन सतत ताणलेले राहिले की ते हळूहळू लांबतात. वीस मिनिटे पूर्ण वाकून बसल्यावर आलेला हा सैलपणा उठल्याबरोबर जात नाही; काही भाग दोन-तीन मिनिटांत जातो आणि उरलेला अर्ध्या तासानंतरही रेंगाळतो. त्या काळात कण्याचा अस्थिबंधांवरचा भरवसा कमी असतो. विड्या वळता वळता ‘पाणी आलं’ अशी हाक आली आणि अक्का उठून सरळ घागरीकडे गेल्या, तर वाईट बसणे आणि वाईट वेळी उचलणे यांची गाठ पडते.

उपाय खर्चाचा नाही. घडी घातलेली जाड चादर किंवा लाकडी पाट बुडाखाली घेऊन गुडघ्यांपेक्षा खुबे चार बोटे वर ठेवले की कटिर पुढे कलते आणि कमरेचा बाक बराचसा टिकतो. सूप मांडीऐवजी उंच पाटावर ठेवले तर मान कमी झुकते. प्रत्येक कट्टा बांधून झाला की एकदा उभे राहून, कमरेवर हात ठेवून हलकेच मागे झुकावे. आदर्श बसण्याची एकच पद्धत शोधत बसण्यापेक्षा बसणे बदलत राहणे जास्त उपयोगाचे आहे, कारण चकतीचे पोषण दाब वाढण्या-कमी होण्यावर चालते आणि सर्वांत चांगली बैठकही दोन तास तशीच ठेवली तर ती वाईट होते. यंत्रमागावर दिवसभर उभे राहणाऱ्यांना आणि कार्यालयात खुर्चीवर बसणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

नस दबणे म्हणजे काय

मज्जारज्जू कण्याच्या पूर्ण लांबीचा नसतो. गर्भात सुरुवातीला दोघांची लांबी सारखी असते, पण पुढे हाडे वेगाने वाढतात आणि रज्जू मागे राहतो. प्रौढ माणसात तो सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असतो आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या खाली नळीत फक्त लोंबणाऱ्या मज्जातंतूंचा जुडगा असतो, त्याला अश्वपुच्छ म्हणतात. सिझेरियनच्या वेळी भूल देण्यासाठी कमरेत सुई टोचतात ती याच भागात, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मध्ये. तिथे रज्जू नसतोच, म्हणून त्याला इजा होण्याचा प्रश्न सहसा येत नाही. त्या सुईमुळे कंबर जन्माची दुखते, हा समज अनेक घरांत पक्का आहे. प्रत्यक्षात टोचलेली जागा काही दिवस दुखू शकते, पण सुई घेतलेल्या आणि न घेतलेल्या बाळंतिणींत पुढील काळातील कंबरदुखीचे प्रमाण तपासले असता फरक आढळत नाही. गरोदरपण, बाळाला पाजताना वाकून बसणे आणि झोप न होणे ही कारणे तिथे पुरेशी आहेत.

रज्जूपासून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात आणि मणक्यांमधील बाजूच्या छिद्रांतून बाहेर पडतात. कमरेतून आणि त्रिकास्थीतून निघालेल्या काही तंतूंचा मिळून एक जाड तंतू तयार होतो. तो नितंबातून मांडीच्या मागून खाली जातो. सायटिका हे दुखण्याचे नाव त्यावरून आले. चकतीचा गर मागे आला, तर तो बहुधा मधोमध न येता किंचित बाजूला येतो, कारण पिंडांच्या मागून उभा जाणारा अस्थिबंध कमरेत अरुंद असतो आणि बाजूंना आधार कमी पडतो. नेमक्या त्याच जागी मज्जातंतूचे मूळ असते. दाब आणि गरातील द्रव्यांमुळे होणारा दाह, या दोन्हींनी ते चिडते आणि कंबरेपेक्षा पायात, पोटरीत, अंगठ्यापर्यंत कळ जाते. असे प्रकार बहुतांशी शेवटच्या दोन चकत्यांत घडतात. १९३४ साली मिक्स्टर आणि बार या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी चकती आणि सायटिका यांचा हा संबंध शस्त्रक्रियेतील पुराव्यांनिशी मांडला. त्याआधी बाहेर आलेल्या गराला अनेकदा गाठ समजले जात असे.

बाहेर आलेला गर शरीर स्वतःच साफ करते, हे मात्र फार कमी लोकांना ठाऊक असते. पांढऱ्या पेशी तो खाऊन टाकतात, आणि मोठा तुकडा सुटून बाहेर पडला असेल तर तो विरघळण्याची शक्यता उलट अधिक असते. बहुसंख्य रुग्णांचे पायातील दुखणे सहा ते बारा आठवड्यांत बरेच उतरते.

एमआरआयच्या अहवालातील शब्द वाचून घाबरण्याआधी आणखी एक माहिती असावी. कोणतेही दुखणे नसलेल्या सुमारे तीन हजार लोकांच्या चित्रांचा २०१५ साली एकत्रित अभ्यास झाला. विशीतल्या निरोगी माणसांपैकी ३७ टक्क्यांच्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या चकत्यांत झीज दिसली. विशीतल्या ३० टक्क्यांची चकती फुगलेली होती. म्हणजे त्या अक्कांच्या चित्रातील कमी झालेले अंतर त्यांच्या दुखण्याचे कारण असू शकते, आणि केसांच्या पांढरेपणाइतकेच निरुपद्रवीही असू शकते. तपासणारा माणूस पायाची ताकद, संवेदना आणि दुखण्याची जागा यांच्याशी चित्र ताडून पाहतो तेव्हाच त्याला अर्थ येतो.

अचानक उसण भरते तेव्हा तर बहुधा चकतीला काही झालेलेही नसते. एखाद्या सांध्याला किंवा स्नायूला किंचित इजा होऊन भोवतालचे स्नायू संरक्षणासाठी आखडतात. पायाळू माणसाकडून कमरेला पाय लावून घेण्याची रीत आपल्या भागात अजून आहे आणि तिने बरे वाटल्याचे सांगणारेही भेटतात. उसण चार-आठ दिवसांत स्वतःहून उतरते, हे त्यामागचे साधे कारण. हलका पाय लावण्याने नुकसान नाही, पण हाडे ‘बसवण्यासाठी’ झटके घेणे, विशेषतः उतारवयात किंवा पायात मुंग्या येत असताना, धोक्याचे आहे. दोन आठवडे फळीवर पडून राहण्याचा जुना सल्लाही आता कोणी देत नाही: एक-दोन दिवसांहून अधिक विश्रांतीने स्नायू अशक्त होतात आणि बरे व्हायला उशीर लागतो. फळीविषयी म्हणावे, तर स्पेनमध्ये ३१३ रुग्णांवर झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला.

काही लक्षणांत मात्र थांबू नये. दोन्ही पायांत अशक्तपणा, लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, आणि मांड्यांच्या आतील बाजूस व बसण्याच्या जागेत बधिरपणा ही लक्षणे एकत्र दिसू लागली, तर अश्वपुच्छावर दाब आलेला असू शकतो. अशा वेळी तासांना महत्त्व असते. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. मांडीत किंवा पोटरीत नुसती कळ असणे वेगळे आणि पाऊल उचलता न येणे, चप्पल पायातून गळून पडणे वेगळे.

दुसरी गोष्ट क्षयाची. आपल्या देशात मणक्याचा क्षय अजूनही नेहमी दिसणारा आजार आहे. त्याचे दुखणे रात्री आणि विश्रांतीतही राहते, सोबत संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन घटते, भूक मंदावते. महिनोन्‌महिने कमरेचा पट्टा बांधून आणि वेदनाशामक गोळ्या घेऊन दिवस ढकलले जातात आणि तोवर दोन मणक्यांचे पिंड खचतात. वेळेत ओळखल्यास वर्षभर किंवा त्याहून थोड्या अधिक काळाच्या औषधांनी बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेविना बरे होतात, आणि ही औषधे शासनाच्या क्षयरोग कार्यक्रमातून मोफत मिळतात. दुखणे दोन महिन्यांत थांबले म्हणून ती मध्येच सोडली, तर जंतू त्यांना दाद देईनासे होतात आणि मग अधिक कडक, अधिक लांबलेले उपचार घ्यावे लागतात.